हाताची जादा किल्ली

मिलिग्रॅमरावांनी आयुष्यात किल्ल्यांचा जुडगा एकदाच हरवला. पण कचेरीची स्मरणशक्ती अशा बाबतीत फार तल्लख असते. वेळेवर आलेली पाच हजार दिवसांची हजेरी कुणाच्या लक्षात नव्हती. साहेब, तीन निरीक्षक आणि एक सुतार यांच्या साक्षीने वजनखोलीचं कुलूप तोडावं लागलं तो एक दिवस मात्र सगळ्यांना तारीखवार पाठ होता. जुडगा नंतर त्यांच्याच कोटाच्या अस्तरात सापडला. त्यामुळे तर आणखीच हसं झालं.

हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. वजनमापे कार्यालयातल्या वजनखोलीचा ताबा गेली सव्वीस वर्षं त्यांच्याकडे होता. त्या खोलीत मखमली खाचांच्या पेट्यांमध्ये प्रमाण वजनं ठेवलेली असत, एक मिलिग्रॅमपासून वीस किलोपर्यंत. शहरातल्या दुकानदारांचे काटे निरीक्षक तपासत, निरीक्षकांची वजनं मिलिग्रॅमराव तपासत आणि ती या खोलीतल्या वजनांशी ताडून पाहत. म्हणजे उभ्या शहरात किलो म्हणजे किती, हा प्रश्न शेवटी त्यांच्या दारात येऊन थांबे. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी लपवलेला नव्हता. वजनांना उघडा हात लावायचा नाही, खोलीत चपला घालून यायचं नाही, दाराजवळ शिंकायचं नाही, अशा पाट्या त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर लावल्या होत्या. पाट्या लिहिणं हा त्यांचा दुसरा छंद. घरातल्या मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि साखरेच्या बरणीवर 'साखर (मीठ नव्हे)' असं लिहिणारा माणूस तो.

तर अशा माणसाच्या कचेरीत एक दिवस परिपत्रक आलं. किल्ल्या बंद. यापुढे महत्त्वाच्या दारांना चिपची कुलुपं बसणार आणि ताबेदाराच्या हातात, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचली जाणार. हात दारापाशी नेला की दार उघडणार. सुरुवातीला सक्ती नाही, कुणी स्वखुशीने पुढे येतंय का, अशी विचारणा होती. ते ऐकताच एकाला रक्तदाब आठवला, दुसऱ्याला सासूबाईंचा विरोध आठवला. मिलिग्रॅमरावांना कोटाचं अस्तर आठवलं आणि त्यांनी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

चिप बसवणाऱ्या कंपनीचा माणूस चिपवाला म्हणूनच ओळखला जाऊ लागला. इस्त्रीच्या शर्टातला, स्वतःच्या हातातही चिप असलेला, आणि शंका विचारणाऱ्याची कीव करणारा. तो म्हणाला, "ही हरवत नाही, विसरत नाही आणि हिची नक्कल होत नाही."

नर्स म्हणाली, "थोडंसं टोचेल हं."

"थोडंसं म्हणजे किती?" मिलिग्रॅमरावांनी विचारलं. सवयीचा परिणाम. उत्तर मिळायच्या आत टोचून झालं होतं.

चाळीस पायऱ्या चढून ते घरी पोचले, तोवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. समोरच्या दारात राहणारे निवृत्त पोस्टमास्तर चष्मा लावून तयारच होते. त्यांनी हात उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि पत्ता न सापडलेल्या पत्राबद्दल बोलावं तशा सुरात म्हणाले, "फिरत फिरत पोटात गेली म्हणजे?"

"पोटात कशी जाईल? ती तिथेच राहते."

"बरं, राहू दे. पण बाजारात कुणी जवळून यंत्र फिरवून तुमचा हात वाचला तर?"

"हात काय वाचायचा? ते काय वर्तमानपत्र आहे?"

"हे पाहा, छत्तीस वर्षं पोस्टात काढली मी. जे वाचता येतं ते कुणीतरी वाचतंच. पोस्टकार्ड लिहिणाऱ्यांनाही वाटायचं की फक्त मामाच वाचणार."

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सल्ला दिला की हाताला चांदीचा कागद गुंडाळावा, म्हणजे बाहेरून काही वाचता येत नाही. मिलिग्रॅमराव आठवडाभर चांदीचा कागद आणि वरून हातमोजा घालून हिंडले. बँकेतल्या रखवालदाराने दोनदा बाजूला घेतल्यावर त्यांनी तो प्रयोग थांबवला. तसा काकूंचा सल्ला शास्त्राला धरून होता, असं चिपवाल्यानेच पुढे मान्य केलं. पण शास्त्राला धरून असलेल्या सगळ्याच गोष्टी अंगाखांद्यावर घेऊन बँकेत जाता येत नाही.

कचेरीत एक वेगळीच अडचण होती. कुलूप हात वाचायचं खरं, पण सरळ धरलेला नाही. जरा तिरका, जरा खालून, आणि गुडघ्यात किंचित वाकून. त्यामुळे सव्वीस वर्षं ताठ मानेने उघडलेल्या दारापुढे मिलिग्रॅमरावांना आता रोज सकाळी नमस्कार घालावा लागे. निरीक्षक चहाचे कप घेऊन ते बघायला थांबत. तरीही त्यांनी घरच्या दाराला तसंच कुलूप बसवून घेतलं. एकदा हातात किल्ली आलीच आहे तर तिचा पुरेपूर उपयोग करावा, हा मध्यमवर्गाचा बाणा.

"अहो, पण मी बाहेरून आले आणि तुम्ही घरी नसलात तर?" बायकोने विचारलं.

"तर थांबायचं."

"आणि तुम्ही आत न्हाणीघरात घसरून पडलात, मी बाहेर, तर? दार कोण उघडणार? बरं, ते जाऊ दे. उद्या हात मोडला, प्लास्टरमध्ये गेला, तर? आजवर आपली एक जादा किल्ली समोर पोस्टमास्तरांकडे असते. आता त्यांच्याकडे काय ठेवणार आहात? हात?"

जादा किल्ली शेजारी ठेवायची हा मिलिग्रॅमरावांच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा नियम. त्यांच्या वडिलांनी तर शेजाऱ्यांशी अबोला असतानाही किल्ली त्यांच्याकडेच ठेवली होती. रोज घ्यायची, द्यायची, पण बोलायचं नाही. असा नियम एका तांदळाच्या दाण्यापायी मोडायचा म्हणजे काय?

भाजीबाजाराच्या जिन्याखाली एक म्हातारा किल्लीवाला बसत असे. मिलिग्रॅमराव तिथे गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"काय बनवायचंय?" किल्लीवाल्याने कानशीने एक किल्ली घासत विचारलं.

"हात बनवायचाय."

किल्लीवाल्याने मान वर केली, हाताकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "किती नग?"

त्याच्याकडे साबणाच्या वडीएवढं एक यंत्र होतं. गेटची कार्डं, लिफ्टची कार्डं, सगळी हल्ली त्याच्यावरच होतात, असं तो म्हणाला. यंत्र हाताला टेकवलं, ते टुक्क वाजलं. मग एका निळ्या प्लॅस्टिकच्या बिल्ल्याला टेकवलं, पुन्हा टुक्क. झालं. ज्याची नक्कल होत नाही त्याच्या तीन नकला चहा गार व्हायच्या आत तयार झाल्या. हे चिपवाल्याला सांगायला हवं, असं मिलिग्रॅमरावांना वाटलं. पण सांगायचं म्हणजे आपण नक्कल करून घेतली हेही सांगायचं. म्हणून तो विचार त्यांनी घडी घालून मनाच्या खालच्या खणात ठेवला. तिथे आधीच बरीच गर्दी होती.

घरी येऊन त्यांनी तिन्ही बिल्ल्यांना दोरे बांधले आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या लावल्या. 'घर – बायको.' 'घर – पोस्टमास्तर.' तिसरी, हात प्लास्टरमध्ये गेल्यास, कचेरीतल्या टेबलाच्या खणात ठेवण्यासाठी: 'वजनखोली – जादा.' तिन्ही बिल्ल्यांत नंबर एकच, त्यामुळे कुठलाही बिल्ला कुठलंही दार उघडत होता. पण चिठ्ठीवर लिहिलेलं जगाने पाळावं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

दोन महिने सुखात गेले. मग तो सोमवार उजाडला.

मिलिग्रॅमरावांनी दारापुढे नित्याचा नमस्कार घातला, दार उघडलं आणि ते उंबऱ्यावरच थबकले. वजनांच्या पेट्या खालच्या फळीवर नव्हत्या. त्या सगळ्या वरच्या फळीवर होत्या, रांगेत, मोठी ते लहान. फरशी इतकी स्वच्छ, की त्यांच्या हयातीत कधी नव्हती. त्यांनी एक किलोची पेटी उघडली. प्रमाण किलो एका पिवळ्या फडक्यात बाळासारखा गुंडाळून ठेवला होता. चिमट्याने उचलून त्यांनी तो सूक्ष्म काट्यावर ठेवला. चार मिलिग्रॅम जास्त.

पाणी प्यायला ते बेसिनपाशी गेले तर नळ कोरडा. सकाळपासून नळाला पाणी नाही म्हणून सगळी कचेरी ओरडत होती, पण मिलिग्रॅमरावांना आज दुसऱ्या कुणाचं दुःख ऐकू येत नव्हतं.

दुसरा कुणी असता तर त्याने पेट्या खाली ठेवल्या असत्या आणि तोंड मिटलं असतं. आठ दिवसांवर वरिष्ठ कार्यालयाची तपासणी होती. पण मिलिग्रॅमराव सरळ साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "साहेब, माझ्या खोलीत कुणीतरी शिरलं होतं."

चिपवाल्याला बोलावणं गेलं. तो कागदांची चळत घेऊन आला. प्रत्येक दाराची, प्रत्येक हाताची, मिनिटामिनिटाची नोंद. त्याने बोट ठेवलं. "रविवार, दहा चाळीस. वजनखोली उघडली. हात: यांचाच."

"रविवारी दहा चाळीसला मी पोस्टमास्तरांशी बुद्धिबळ खेळत होतो!"

"चिप खोटं बोलत नाही," चिपवाला म्हणाला. पुढचं त्याने बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं.

साहेब कागद चाळत होते. माणूस वाईट नव्हता, पण छापील कागद दिसला की तो मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. "हे काय? गच्चीचं दार. रोज अकरा पाच ते अकरा बत्तीस. गच्चीवर काय करता हो तुम्ही?"

मिलिग्रॅमराव गच्चीवर उन्हात बसून डुलकी काढत. सव्वीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. हातात चिप टोचून घेतली ती दार उघडण्यासाठी. ती आपल्याच झोपेची चुगली करत असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. दारापाशी जमलेले तिघे निरीक्षक छताकडे पाहू लागले.

साहेबांनी शेवटी घसा खाकरला. "चौकशी होईपर्यंत वजनखोलीचा ताबा दुसऱ्याकडे द्यावा लागेल. आणि तोवर... तुमचा हात रद्द."

नोकरीत माणसाची बदली होते, बढती अडते, निलंबनही होतं. पण हात रद्द झालेला माणूस पृथ्वीतलावर बहुधा तोच पहिला. मिलिग्रॅमराव आपल्या टेबलाशी येऊन बसले आणि रद्द झालेल्या हाताकडे पाहत राहिले. ज्या माणसाने कधी कुणाच्या मापात अर्ध्या मिलिग्रॅमची सूट दिली नाही त्याला आज सगळी कचेरी खोटारडा समजत होती. त्यांना खरोखर रडू येत होतं.

आणि मनाच्या खालच्या खणातला विचार आपण होऊन बाहेर आला. हात तर बुद्धिबळ खेळत होता. मग हाताची नक्कल?

त्यांनी आधी बायकोला फोन केला. तिचा बिल्ला खिळ्यावर होता. पोस्टमास्तरांनी आपला बिल्ला तिकिटांच्या डबीतून काढून फोनवरच हलवून दाखवला, जणू तो ऐकू येणार होता. मग मिलिग्रॅमरावांनी टेबलाचा खण उघडला. तिसरा बिल्ला जागेवर होता. पण दोऱ्याला त्यांची सुरगाठ नव्हती, दुहेरी निरगाठ होती. आणि 'वजनखोली – जादा' ही अक्षरं पाण्याने फुटली होती.

पाणी. कोरडा नळ. स्वच्छ फरशी. पिवळं फडकं. मिलिग्रॅमराव तसे हिशेबी माणूस. बेरीज व्हायला त्यांना अर्धं मिनिट लागलं.

कचेरीची झाडलोट करणाऱ्या मावशी जिन्याखाली बादली उपडी घालून बसल्या होत्या. त्यांना पाहताच त्या उभ्या राहिल्या, आणि काही विचारायच्या आतच त्यांचे डोळे भरून आले.

"भाऊ, मी काही घेतलं नाही हो."

"ते मला माहीत आहे. बसा. काय झालं ते सांगा."

रविवारी मावशी व्हरांडे धुवायला येत. रखवालदाराने दार उघडून दिलं आणि तो फाटकावर गेला. वजनखोलीच्या दाराखालून पाणी येताना मावशींना दिसलं. भिंतीतला नळ फुटला होता. त्यांनी साहेबांना फोन लावला, लागला नाही. मिलिग्रॅमरावांचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. "मग म्हटलं, भाऊ सगळ्यावर लिहून ठेवतात, किल्लीवरही लिहिलंच असेल. खण उघडला, तर वरच होतं. आत गेले तर घोट्याएवढं पाणी. खालची फळी भिजायला आलेली. आधी त्याच किल्लीने गच्ची उघडून टाकीचा कॉक बंद केला. मग पेट्या वर चढवल्या. एका पेटीत पाणी शिरलं होतं, तो मोठा तुकडा फडक्यात घेऊन पुसला, तसाच गुंडाळून ठेवला. उघडा हात नाही लावला भाऊ, तुमची पाटी आहे ना. चपलाही बाहेर काढल्या."

"घोटाभर पाण्यात चपला काढून?"

"पाटी आहे ना."

"मग आज सकाळी सांगितलं का नाही?"

"आमच्या ठेकेदाराचा नियम आहे. बंद खोलीत गेलं की दुसऱ्या दिवसापासून काम बंद. तुम्ही बोलू नका ना भाऊ कुणापाशी."

मिलिग्रॅमराव जिन्याच्या पायरीवर बसले. आता काट्याची दोन्ही पारडी त्यांच्यासमोर होती. गप्प राहावं तर सव्वीस वर्षांचं नाव बुडतं. बोलावं तर मावशींचं काम जातं. आणि बोलायचं म्हणजे आधी हे कबूल करायचं, की आपण भाजीबाजारात जाऊन स्वतःच्या हाताच्या तीन नकला करवल्या आणि त्यातल्या एकीवर मोठ्या अक्षरात खोलीचं नाव लिहून ती बिनकुलपाच्या खणात ठेवली. यापेक्षा गच्चीवरची डुलकी बरी. मग उठून म्हणाले, "मावशी, मला नीट बोलू द्या. तुमचं काम जाणार नाही. गेलं तर माझंही जाईल."

असं छातीठोक वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं. जिना चढेपर्यंत त्यांना त्याची भीती वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत चिपवाला, निरीक्षक, मावशी आणि त्यांच्या शेजारी हातात पिशवी घेतलेला किल्लीवाला असे सगळे जमले. मिलिग्रॅमरावांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, तिन्ही चिठ्ठ्यांसकट.

"अशक्य," चिपवाला म्हणाला. "या चिपची नक्कल होत नाही. बाजारात काहीतरी फसवाफसवी झाली असणार."

किल्लीवाला हसला आणि मोठ्या अदबीने पुढे झाला. "चिपवाले साहेब ते तुम्हीच? तुमच्या कामाचं फार ऐकलंय." त्याने चिपवाल्याचा हात दोन्ही हातांत घेऊन भक्तिभावाने हलवला. कुठेतरी टुक्क वाजलं. हात सोडून तो मागे वळला, पिशवीत काहीतरी केलं, पुन्हा टुक्क, आणि एक निळा बिल्ला साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"लावून बघा दाराला."

साहेब स्वतः उठले. त्यांच्याच खोलीचं दार बंद केलं आणि बिल्ला टेकवला. दार उघडलं. मग गच्चीचं उघडलं. मग वजनखोलीचं. चिपवाल्याला ही सगळी दारं उघडायची परवानगी होती, हेही त्या निमित्ताने सगळ्यांना कळलं. त्याने पाणी मागितलं. नळाला पाणी नव्हतं.

"म्हणजे माझ्याशी कुणीही हस्तांदोलन केलं तर..." साहेबांनी आपला हात खिशात घातला. आजवर ते कार्डावर भागवत होते, पण पुढच्या आठवड्यात चिप टोचून घ्यायला त्यांचाच नंबर होता.

"तसं नाही सर, महागातली चिप आहे एक, ती इतकी सहज नाही होत," चिपवाला म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो हे त्याचं त्यालाच उमगलं.

आता राहिले ते चार मिलिग्रॅम. वजन बिघडलं असेल तर ताबा जाणारच, मग नळ फुटो की नकला होवोत. सगळे वजनखोलीत गेले, चपला बाहेर काढून. साहेबांनीही काढल्या. मिलिग्रॅमरावांनी किलो चिमट्याने उचलला आणि उजेडात धरला. त्यांची नजर वजनाच्या वरच्या मुठीच्या मुळाशी अडकलेल्या एका पिवळ्या धाग्यावर गेली. उंटाच्या केसांच्या ब्रशने त्यांनी तो अलगद काढला. धागा फडक्याचा होता. किलो काट्यावर ठेवला. काटा हलला, डुलला, आणि स्थिरावला.

बरोबर एक किलो. ना कमी, ना जास्त.

"मावशी," मिलिग्रॅमराव म्हणाले, आणि तो पिवळा धागा त्यांनी मावशींच्या तळहातावर ठेवला. मावशी पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "पाटी होती ना, भाऊ."

साहेबांनी त्याच दिवशी आदेश काढला. वजनखोलीला पुन्हा जुन्या पद्धतीचं पितळी कुलूप. हाताची बंदी रद्द, म्हणजे रद्द झालेला हात पूर्ववत. पण त्या हाताने आता फक्त किल्ली धरायची. ठेकेदाराला साहेबांनी स्वतः फोन केला, आणि कागद वाचायच्या आवाजात त्याला बरंच काही वाचून दाखवलं. नक्कल करवल्याबद्दल मिलिग्रॅमरावांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी 'ताकीद (एकच)' अशी चिठ्ठी लावून फाइलला जोडली. गच्चीबद्दल आदेशात अक्षरही नव्हतं, त्याबद्दल ते साहेबांचे जन्मभर ऋणी राहिले. तपासणी निर्विघ्न पार पडली.

चिप काढायची की राहू द्यायची, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मिलिग्रॅमराव म्हणाले, राहू दे. घरच्या दाराला साधं कुलूप बसवल्यामुळे ती आता काहीच उघडत नव्हती. पोस्टमास्तरांच्या मते उघडणारं दार नसलेली किल्ली ही सगळ्यात सुरक्षित.

सहा महिन्यांनी एका सकाळी ते वजनखोलीच्या दारापुढे उभे राहिले आणि त्यांनी खिसा चाचपला. मग दुसरा. मग कोटाचं अस्तर. किल्ली घरी राहिली होती, बहुधा मिठाच्या बरणीशेजारी. व्हरांड्यात चहाचे कप घेतलेले निरीक्षक थांबले. मिलिग्रॅमरावांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली.

तेवढ्यात मावशी आल्या. साहेबांच्या आदेशात एक ओळ आणखी होती. जादा किल्ली मावशींच्या ताब्यात राहील आणि तिची नोंदवही त्याच ठेवतील. त्यांनी कमरेची किल्ली काढली. तिच्या दोऱ्याला दुहेरी निरगाठ होती आणि मिलिग्रॅमरावांच्याच अक्षरातली चिठ्ठी: 'वजनखोली – मावशी.' त्यांनी कुलूप उघडलं, पण दारातून बाजूला झाल्या नाहीत. काखेतली वही पुढे केली.

"सही करा, भाऊ. वेळ घाला. आणि कारणही लिहायचं असतं."

मिलिग्रॅमरावांनी सही केली, वेळ घातली, आणि कारणाच्या रकान्यात आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'विसरलो.'

मावशींनी ते वाचलं, मान डोलावली आणि त्यांच्या पायांकडे बोट दाखवलं.

"आता चपला काढा."